मदत हवी आहे: मी आयएनएफजे की आयएनएफपी?

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये एमबीटीआय, म्हणजे स्वभावाचा प्रकार चार अक्षरांत सांगणारी चाचणी दिली, निकाल आयएनएफजे. महिन्याभराने रविवारी दुपारी घरी निवांत पुन्हा दिली, तर आयएनएफपी! 16 प्रकारांपैकी मी नक्की कुठली? शेवटच्या अक्षराच्या (जे की पी) प्रश्नांवरच अडते: आधी ठरवून वागता की ऐनवेळी बघता? ऑफिसात ठरवून, घरी मात्र सिलिंडर संपल्यावरच नंबर लावते. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या 1921च्या पुस्तकावरून इसाबेल मायर्स आणि त्यांच्या आईने हे बेतलं, एवढं वाचलंय. तुमचाही निकाल असा बदलला का? मग कुठला धरलात?

आणि खरं सांगू, अक्षरांपेक्षा मला लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यातली खुर्ची शोधणारी माणसं हवीत गप्पांना. मराठीतला असा ऑनलाइन गट कुणाला माहीत आहे का? शक्यतो रोज ‘शुभ सकाळ’ न टाकणारा.