गाण्यात आपण नेमके काय ऐकले होते? (जुन्या रॉक संगीताचा अनुभव धागा)

लातूर (धागाकर्ती)

यंदा दसरा काढायला माहेरी गेले होते. गोधड्या धुवून वाळत घातल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली, तेव्हा तिच्या तळाशी माझी दोनशे पानी वही सापडली. १९८६ साली मी नववीत होते आणि थोरला भाऊ औरंगाबादला अभियांत्रिकीला होता. सुट्टीत येताना तो नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणत असे. तिच्यावर दुकानदाराने बॉलपेनने लिहिलेली गाण्यांची नावे तेवढी असत, शब्द कुठेच नसत. म्हणून टू-इन-वनचे पॉज बटण दाबत, एकेक ओळ पाच-पाच वेळा मागे नेत, मी 'ईगल्स'चे 'हॉटेल कॅलिफोर्निया' देवनागरीत उतरवून काढले होते.

त्या पानावर दुसरी ओळ अशी आहे : 'वॉर्म स्मेल ऑफ काळी-तास, रायझिंग अप थ्रू दि एअर'. काळी म्हणजे रान आणि तास म्हणजे नांगराने पाडलेली सरी, हे आमच्याकडच्या मुलीला कुणी शिकवावे लागत नाही. तापलेल्या रानावर वळवाचा पाऊस पडला, की तासातून जी ऊन वाफ आणि जो वास वर येतो, त्याचेच हे वर्णन आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. भावाला विचारले, तर तोही म्हणाला, "तसंच असंल, तिकडंबी रानं असतेतच की."

मागच्या आठवड्यात भाचीने मोबाइलवर तेच गाणे लावले आणि पडद्यावर शब्द सरकू लागले. मूळ शब्द 'कोलिटास' असा आहे. स्पॅनिशमध्ये त्याचा शब्दशः अर्थ लहान शेपट्या असा होतो, आणि गाण्यात तो गांजाच्या कळ्यांसाठी आला आहे असे सहसा मानतात. अर्थ कळला, तरी डोळ्यांसमोर आमचे रानच उभे राहिले. आपणही असे काही ऐकले असेल, तर कृपया इथे लिहावे.

पैठण

'डीप पर्पल'चे 'स्मोक ऑन द वॉटर'. पाण्यावरचा धूर म्हणजे काय, हे नाथसागराच्या काठावर राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. डिसेंबरात पहाटे धरणाच्या भिंतीवर उभे राहिले, की पाणी उबदार आणि हवा गार असल्यामुळे सगळ्या जलाशयावरून वाफ निघताना दिसते आणि पलीकडचे काहीच दिसत नाही. मी अनेक वर्षे हे गाणे त्या शांत पहाटेचे समजून ऐकत आलो, आणि गिटारचे ते सुरुवातीचे जड सूर मला धरणाच्या दरवाजांसारखे वाटत.

पुढे कळले, की ती आगीची गोष्ट आहे. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झापा यांचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतील कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा उडवणारी बंदूक, झाडली, कसिनोची इमारत जळाली आणि धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. रेकॉर्डिंगसाठी तिथे आलेल्या 'डीप पर्पल'ने तो पाहिला आणि १९७२ च्या अल्बममध्ये जसाच्या तसा सांगितला. महिना मात्र डिसेंबरच निघाला, याचे मला आजही समाधान वाटते.

अंबाजोगाई

वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात आमच्या खोलीबाहेर पडले, की उजव्या हाताला न्हाणीघर होते. 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल'चे १९६९ चे 'बॅड मून रायझिंग' आमच्या मजल्यावर रोज वाजे, आणि 'देअर्स अ बॅड मून ऑन द राइज' या ओळीत आम्हा सर्वांना 'बाथरूम ऑन द राइट' असेच ऐकू येत असे. नवीन आलेल्या मुलाला वाट सांगतानाही आम्ही ती ओळ म्हणत असू. ही चूक जगभर होत आली आहे, आणि गाण्याचे कर्ते जॉन फोगर्टी स्वतःच्या कार्यक्रमांत कधी कधी मुद्दाम तसेच गातात, हे पुढे वाचले, तेव्हा त्या मजल्यावरच्या सगळ्या मित्रांना मी फोन केले.

परभणी

ताई, कुकर लावून लिहीत आहे, त्यामुळे थोडक्यातच लिहिते. ती वही कृपया रद्दीत जाऊ देऊ नका. माझ्या अशाच वहीची पाने आईने पापड वाळत घालताना खाली अंथरली होती.

जालना जिल्हा

आमच्या शेतातल्या शाळूची राखण माझ्याकडे असे. कणसात दाणा भरू लागला, की दिवस उगवायच्या आत माळ्यावर चढायचे, आणि चिमण्या-पोपटांचे थवे उतरू लागले, की डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, हाळी द्यायची. त्या वर्षी आतेभाऊ शहरातून एक कॅसेट घेऊन आला होता. तिच्यातले एक गाणे ऐकताना मी जागीच थांबलो, कारण त्यात वाद्य असे नव्हतेच. दोन वेळा पाय आपटल्याचा दणका, एक टाळी, पुन्हा दोन दणके, एक टाळी, आणि मग सगळे मिळून म्हणत होते : 'वी विल, वी विल, राखू'.

इंग्रजी मला जेमतेम येत होते. 'वी' म्हणजे आम्ही, एवढे पाचवीत शिकवले होते, आणि 'राखू' तर आमचाच शब्द होता. आम्ही राखू, आम्ही राखू. दुसऱ्या दिवशी माळ्यावर मी तेच सुरू केले. दोन ठोके रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर, तिसऱ्याला गोफणीचा फटकारा. गोफणीच्या पदराला अंबाडीचा चाबूक बांधलेला असला, की तो हवेत फुटतो आणि त्याचा आवाज टाळीपेक्षाही मोठा येतो. शेजारच्या रानातील मुले आपापल्या माळ्यावरून साथ देऊ लागली, आणि आठवडाभरात सगळ्या शिवारात सकाळी तोच ठेका घुमू लागला. आज्याने हुरडा भाजता भाजता विचारले, "काय म्हणायलास रे?" मी म्हणालो, "राखू म्हणायलेत, आज्या." त्यांनी कणीस आरात फिरवले आणि म्हणाले, "मंग बरंय. म्हण."

मूळ शब्द 'रॉक यू' आहेत, हे मला महाविद्यालयात गेल्यावर समजले. 'क्वीन'चे हे गाणे १९७७ चे. त्याच वर्षी इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथे कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांनी आपणहून गायला सुरुवात केली, आणि लोकांना पायांनी व हातांनी भाग घेता येईल असे गाणे करावे, हे 'क्वीन'चे गिटारवादक ब्रायन मे यांच्या मनात त्यावरून आले. म्हणजे ते गाणे जमलेल्या सर्वांनी वाजवण्यासाठीच घडवले होते, आणि आम्हीही ते तसेच वाजवले होते. आता त्या रानात ऊस आहे आणि माळा कुणी घालत नाही. गोफण मात्र मी जपून ठेवली आहे.

औरंगाबाद, शहागंज

जालन्याच्या दादांचा अनुभव दोनदा वाचला. माझा अनुभव उलट दिशेचा आहे, कारण मी बरोबर ऐकले होते आणि माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

१९९२ साली मामूंच्या घरी 'क्वीन'चेच 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऐकताना मधल्या भागात मला स्वच्छ 'बिस्मिल्ला' ऐकू आले. वर्गात सांगितले, तर इंग्रजी माध्यमातून आलेली मुले म्हणाली, की विलायती गाण्यात हा शब्द कुठून येणार, तुला सगळीकडे आपलेच शब्द ऐकू येतात. मी गप्प बसलो आणि पुढे ते गाणे ऐकताना त्या जागी जाणूनबुजून दुसरे काही ऐकण्याचा प्रयत्न करू लागलो. बऱ्याच वर्षांनी छापील शब्द हाती आले, आणि तिथे 'बिस्मिल्ला'च होते.

हे गाणे १९७५ चे आणि जवळजवळ सहा मिनिटांचे. ते लिहिणारे आणि गाणारे फ्रेडी मर्क्युरी पारशी कुटुंबातले. त्यांचे मूळ नाव फारुख बुलसारा, जन्म १९४६ सालचा, झांझिबारचा, आणि शाळा आपल्या पाचगणीची. तो आवाज कधीकाळी इथून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या शाळेत घडत होता, हे त्या दिवशी वर्गात माहीत असते, तर मी गप्प बसलो नसतो.

नांदेड

वजिराबादेत माझे कॅसेटचे दुकान होते आणि अशा शेकडो कॅसेटी मी स्वतः भरून दिल्या आहेत, म्हणून ऐकण्याच्या चुका का होत, ते सांगतो. मूळ कॅसेट एखाद्याकडेच असे. तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, आणि बहुतेक वेळा दुप्पट वेगाने. प्रत्येक नकलेत सर्वांत आधी वरचे बारीक सूर जातात. 'स', 'फ', 'ट', 'थ' या व्यंजनांचा नेमकेपणा त्याच सुरांत असतो, त्यामुळे स्वर टिकतात, व्यंजने पुसली जातात, आणि मोकळी जागा ऐकणाऱ्याचा कान आपल्या ओळखीच्या शब्दाने भरून काढतो. टेपचे हेड किंचित तिरके झाले असेल, तर आवाज आणखी घुमतो. लातूरच्या ताईंच्या कानाचा यात काहीही दोष नाही.

ताई, वहीबरोबर कॅसेटही सापडली असल्यास ती लगेच वाजवू नका. आधी आतला स्पंजचा लहान तुकडा जागेवर आहे का ते पाहा, कारण जुना डिंक सुटून तो पडतो. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती टेपमध्ये घालूच नका. फीत स्वच्छ असेल, तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, हेड स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि मगच लावा.

लोहा

ब्रायन अ‍ॅडम्सच्या 'समर ऑफ सिक्स्टी नाइन'मध्ये पहिली गिटार 'फाइव्ह अँड डाइम'मधून घेतली असे येते. मी ते 'फाइव्ह अँड टाइम' ऐकले आणि पाच वाजता घेतली असा अर्थ लावला. पाच आणि दहा सेंटला वस्तू मिळणाऱ्या स्वस्त दुकानांना अमेरिकेत तसे म्हणत, म्हणजे आपल्याकडची 'हर माल' गाडीच. माझा पहिला माउथ ऑर्गन मी माळेगावच्या यात्रेत अशाच गाडीवरून घेतला होता, आणि त्याचे दोन सूर पहिल्याच दिवसापासून बंद होते, तरी तो मी दहावीपर्यंत वाजवला.

हिंगोली

अशा ऐकण्याला इंग्रजीत 'मॉन्डेग्रीन' असे नाव आहे. सिल्व्हिया राइट यांनी १९५४ साली 'हार्पर्स' मासिकात ते दिले. लहानपणी आईच्या तोंडून एक स्कॉटिश पोवाडा ऐकताना, मारेकऱ्यांनी सरदाराला 'लेड हिम ऑन द ग्रीन', म्हणजे हिरवळीवर ठेवले, हे शब्द त्यांना 'लेडी मॉन्डेग्रीन' असे ऐकू आले, आणि सरदाराबरोबर मरण पत्करणारी एक स्त्री त्यांच्या मनात कायमची राहिली. मी स्वतः आरतीतील 'फणिवरबंधना' कितीतरी वर्षे 'फळीवर वंदना' म्हणत होते, कारण आमच्या घरी देव फळीवरच होते.

जिंतूर

सर्वांचे लिखाण वाचून धीर आला, म्हणून लिहीत आहे. माझे वडील खेड्यातील टपाल कार्यालयात होते. महाविद्यालयात गेल्यावर 'पिंक फ्लॉइड'चे १९७९ चे 'अनदर ब्रिक इन द वॉल' ऐकले, तेव्हा 'नो डाक सरकार इन द क्लासरूम' असे काहीतरी कानावर आले, आणि वडिलांच्या खात्याचा उल्लेख आला म्हणून मी हरखले. मात्र पहिल्याच ओळीत शिक्षण नको असे म्हटल्याचे मला फार लागले होते, कारण मी शिकावे म्हणून वडील सायकलवरून बारा गावे टपाल वाटत होते.

त्या काळी आमच्या वर्गात एक प्राध्यापक खेड्यातून आलेल्या मुलांना उभे करून 'स्टेशन' म्हणायला लावत, आणि 'इस्टेशन' म्हटले, की वर्ग हसेपर्यंत बसू देत नसत. मी दोन वर्षे वर्गात तोंड उघडले नाही. पुढे नोकरीत असताना गाण्याचे खरे शब्द वाचायला मिळाले. ते 'नो डार्क सर्कॅझम' असे आहेत. म्हणजे वर्गात झोंबणारे टोमणे नकोत. लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतील मुलांनी ते समूहाने गायले आहे. गाणे लिहिणारे रॉजर वॉटर्स यांनी रोष शिकण्यावर धरलेला नाही, असे उभे करून हसवण्यावर धरला आहे. शब्दकोश मिटून मी ते गाणे पहिल्यांदा मोठ्याने म्हटले, आणि 'क्लासरूम'चा उच्चार माझा मला ऐकू आला.

लातूर (धागाकर्ती)

जिंतूरच्या ताई, आपले लिखाण मी आईला वाचून दाखवले. नांदेडच्या काकांच्या सांगण्याप्रमाणे कॅसेट तपासली. फीत स्वच्छ आहे, पण स्पंज खरोखरच सुटला होता, तो दुसऱ्या कॅसेटमधला काढून बसवला आहे. रात्री भावाला फोन लावून टू-इन-वनसमोर धरला. ती ओळ येताच तिकडून तो म्हणू लागला, आणि त्याने 'काळी-तास'च म्हटले.