क्रॅक फुकट मिळतो म्हणून ओपन सोर्स मागे पडतं

नौपाडेकर: काल इथे एकाने लिहिलं, 'क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर, वापरून आपण कुणाचं काय बिघडवतो? कंपनीला आपल्याकडून पैसे तसेही मिळणार नव्हते.' वाचल्यापासून डोकं फिरलंय. कंपनीचं काही बिघडत नाही, कबूल. बिघडतं ते ओपन सोर्सचं, म्हणजे मुळातच खुल्या सॉफ्टवेअरचं. ऑफिसच्या जागी चालणारं लिब्रेऑफिस फुकट आहे याचं मोल कधी कळणार? दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी खिशात हात घालावा लागला तरच. आपल्याकडे असेंबल्ड मशीन घेतलं की ऑफिस, फोटोशॉप सगळं 'लोड करून' मिळतं. मग फोटोशॉपचा खुला पर्याय असलेलं गिम्प कोण शिकेल? बिल गेट्स १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना विद्यार्थ्यांसमोर उघड म्हणाले होते, की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचं चोरावं. एकदा सवय लागली की वसुलीचं पुढे बघू. यापेक्षा स्पष्ट काय हवं?

ऐरोलीकर: हे आज बोलणं सोपं आहे. २००३ साली आमच्या घरात परवाना घेण्याची ऐपत नव्हती. शेजारच्या दादाने दिलेल्या सीडीवर कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकलो आणि त्यावरच महापेत पहिली नोकरी लागली. त्याचा खुला पर्याय इंकस्केप तर त्याच वर्षी जन्माला आलं. मुलाखतीत 'कोरल येतं का' एवढंच विचारलं होतं. त्या सीडीला चोरी म्हणा, पण माझं घर तिच्यावर उभं राहिलं.

तुर्भे नाका: क्रॅकला कशाला धरताय? २००१ पासून एमएस-सीआयटी चालू आहे. गावोगावच्या पोरांनी संगणक म्हणजे विंडोज आणि वर्ड असंच शिकून घेतलं. केरळने शाळांमध्ये विंडोजऐवजी खुलं जीएनयू/लिनक्स आणलं आणि टिकवलं. आपल्याला कुणी अडवलं होतं?

नौपाडेकर: अर्धं मान्य. पण क्लासमध्ये शिकलेलं वर्ड घरी चोरून मिळालं नसतं, तर घरी दुसरं काही शोधलंच असतं ना?

चरईची डीटीपीवाली: तुम्ही सगळे फुकट आणि विकत यातच अडकलात. माझं दुखणं मराठीचं आहे. पंचवीस वर्षं दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका लावतेय. पानं लावायच्या पेजमेकरला युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, कळत नाही. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवतात, एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात टाकला की कचरा. पानं लावायचं खुलं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रायबस, त्याला आपली जोडाक्षरं जमायला लागली २०१७ मध्ये, १.५.३ आवृत्तीत, तीही चाचणी आवृत्ती. स्थिर १.६ आली जानेवारी २०२४ मध्ये. तोवर काय दुकानाचं शटर खाली ठेवायचं होतं?

नेरूळ पश्चिम: ताई, जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत की. मुक्ता, बालू असे खुले फॉन्टही आहेत, तेही मुंबईतच घडलेले.

चरईची डीटीपीवाली: फॉन्ट सुंदर आहेत, वाद नाही. पण कन्व्हर्टरचं नाव माझ्यासमोर काढू नका. 'धर्म'चं 'धमर्' होतं. पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. एका कवितासंग्रहाची ९६ पानं मी दोन रात्री बसून हाताने सुधारली. कवी समोर बसून होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

नौपाडेकर: धागा क्रॅकचा आहे, रफाराचा नाही. विषयावर या.

चरईची डीटीपीवाली: ज्याला पान छापायचंय त्याचा विषय रफारच असतो! आणि मला चोर समजू नका. मी पैसे मोजून, डोंगलसकट, म्हणजे संगणकाला लावायच्या किल्लीसकट, परवाना घेतला होता. ऐन दिवाळीच्या तोंडावर डोंगल गेलं. विकणाऱ्याने बदलून द्यायला तीन आठवडे लावले. शेवटी क्रॅक टाकून अंक काढला. पैसे भरूनही चोरीच करावी लागली, तो राग अजून गेलेला नाही.

वागळे इस्टेट: कायदा तरी माहीत असू द्या. जाणूनबुजून चोरीची कॉपी वापरली तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब लागतं. सात दिवस ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. माझ्या युनिटमध्ये खोटे परवाना क्रमांक बनवणाऱ्या कीजेनमधून आलेल्या व्हायरसने आठ महिन्यांची बिलं कुलूपबंद केली. त्या दिवसापासून चारही मशीनवर लिनक्स आहे.

नौपाडेकर: ताई, तुम्हाला विषयावर या म्हणालो, ते चुकलं. डोंगलची गोष्ट ऐकून तुम्हाला नावं ठेवायची माझी तयारी नाही. पण एक सांगू द्या. स्क्रायबसमध्ये जोडाक्षरं जुळायला लागली ती ओमानमधल्या मंडळींच्या कामामुळे. त्यांना अरबी हवी होती म्हणून त्यांनी ते उचललं, आपल्याला आयतं मिळालं. आपल्यातल्या किती जणांनी 'मराठी तुटतेय' असं स्क्रायबस बनवणाऱ्यांना कधी कळवलं? मी तरी नाही. क्रॅकवर भागत होतं, मग कोण कळवणार? वापरणाराच नसेल तर दुरुस्ती होणार कशी? माझं भांडण एवढ्यासाठीच आहे.

ऐरोलीकर: ही गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवी होती. यावर माझ्याकडे उत्तर नाही. सीडीबद्दलचं मत मात्र बदलणार नाही.

चरईची डीटीपीवाली: ओमानचं आजच ऐकतेय. ठीक आहे. २००६ चा एक अंक आहे माझ्याकडे, १४४ पानं, जुन्या फॉन्टमधला. शनिवारी दुपारी दुकानात लॅपटॉप घेऊन या. त्यातला एक लेख स्क्रायबसमध्ये लावून दाखवा. कन्व्हर्टरने घाण केली तर ती तुम्ही हाताने काढायची, मी नाही.

नौपाडेकर: येतो. चुका सापडल्या की तिथूनच कळवू.