एक्सेलच्या ग्राफवर नावं: टेक्स्ट बॉक्स की डेटा लेबल?

रबाळे, पंप टेस्टिंग
पंपाच्या हेड-डिस्चार्ज ग्राफवर (आडव्या अक्षावर डिस्चार्ज, म्हणजे ताशी किती पाणी; उभ्यावर हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो) नावांसाठी टेक्स्ट बॉक्स नकोच. अक्ष 'ऑटो'वर असतो. शेवटचं रीडिंग ताशी 140 घनमीटरऐवजी 162 आलं की अक्ष 160 वरून 180 वर जातो, वक्र डावीकडे आकसतो आणि 'ड्यूटी पॉइंट'चा (पंप ज्या बिंदूवर चालवायचा त्याचा) बॉक्स जागेवरच राहतो. बाण भलत्याच हेडकडे! ग्राहक तोच आकडा खरा धरतो.

वेगळी सिरीज (ग्राफवरचा बिंदूंचा संच) घ्या. तीन कॉलम: एक्स 120, वाय 32, नाव 'ड्यूटी पॉइंट'. ग्राफवर राइट क्लिक, सिलेक्ट डेटा, अ‍ॅड. नव्या सिरीजला अ‍ॅड डेटा लेबल्स, फॉरमॅटमध्ये 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स'वर टिक, नावाचा कॉलम निवडा, 'वाय व्हॅल्यू'ची टिक काढा.

वागळे इस्टेट, ड्रॉइंग ऑफिस
पटलं नाही. अक्षाचं मिनिमम-मॅक्सिमम हातानं भरलं की बॉक्स चुकत नाही. फक्त आधी ग्राफ सिलेक्ट करून मगच बॉक्स घाला. नाहीतर तो शीटवर राहतो आणि ग्राफ वर्डमध्ये नेला की मागेच सुटतो. शिवाय तुमची टिक एक्सेल 2013 पासूनची. शॉपफ्लोरच्या पीसीवर 2010 असेल तर नावाऐवजी कंसात 'सेलरेंज' दिसतं.

रबाळे, पंप टेस्टिंग
अहो, अक्ष बांधलात तरी ड्यूटी पॉइंट बदलतोच ना? 2010 साठी लेबलवर सावकाश दोनदा क्लिक करा, फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह, नावाच्या सेलवर क्लिक, एंटर. लेबल सेलला जोडलं जातं.

महापे
सिरीजवाल्यांनी दोन गोष्टी सांभाळा. चार्ट 'एक्स-वाय स्कॅटर'च हवा. 'लाइन'मध्ये डिस्चार्जचे आकडे नुसती नावं ठरतात, अंतरं समान पडतात. आणि एक्सच्या कॉलममध्ये फॉर्म्युल्यानं रिकामा मजकूर आला तर एक्सेल अख्ख्या सिरीजचा एक्स 1, 2, 3 धरतं. ताशी 120 घनमीटरचा बिंदू डाव्या कडेला जाऊन बसतो. बिंदू लपवायचा तर वायमध्ये 'एनए' फंक्शन द्या.

इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) 250, 230, 210 मिमी वक्रांना लेजंड (रंगांची सूची) नको, टोकाशी व्यास लिहा. पण फक्त शेवटच्या बिंदूला लेबल दिलं तर ते त्या क्रमांकाच्या बिंदूलाच चिकटतं. खाली रीडिंग वाढलं की व्यास वक्राच्या मधोमध दिसतो.

वागळे इस्टेट, ड्रॉइंग ऑफिस
बिंदूंपुरतं मान्य. पण 'इथे कॅव्हिटेशनचा धोका' (पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याचा) ही टीप एका बिंदूची नाही, पट्ट्याची आहे. तिला मी बॉक्सच देणार, अक्ष बांधून.