ठणका थांबला, मग रूट कॅनाल कशाला?

गोळ्यांनी दाताचा ठणका थांबलाय, आता रूट कॅनाल (दाताच्या मुळातली खराब नस काढून तिथल्या नळ्या साफ करून भरणं) टाळलं तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही चालणार ओ. ठणका असा अचानक थांबतो तेव्हा बऱ्याचदा आतली नस मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाकडं सरकत असतात. मेलेल्या नसेला रक्तपुरवठा नाही, म्हणून अँटिबायोटिक तिथवर पोचतच नाही.

डॉक्टरांना रबर डॅम लावणार का ते विचारा. दातावर ताणून बसवायचा रबरी पडदा असतो, त्यानं लाळ आत जात नाही. सगळ्या नळ्या भरल्यात का ते कळायला शेवटचा एक्स-रेही बघायला मागा. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चौथी नळी असते. बारीक असल्यानं ती सुटते आणि पुढं कधीतरी पुन्हा सूज येते.

दाढ असेल तर कॅपचे (वरून बसवायच्या टोपीचे) पैसे वाचवू नका. पोखरलेली दाढ आधीच कमजोर, त्यात आपल्या कोल्हापुरात तांबड्या रश्श्यातली नळी फोडायचा मोह कुणाला आवरलाय? दाढ उभी चिरली तर बहुतेक वेळा काढावीच लागते.

रूट कॅनालनंतर दोन-चार दिवस चावताना दुखणं चालतं. सूज वाढून ताप आला तर डॉक्टरांना गाठा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर रात्र असली तरी थेट सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, जा.