साल्कांताय: रानटी, रानवट की आणखी काही?

डोंगरवेडा: पेरूच्या ट्रेकवर लेख लिहितोय, एका शब्दाशी गाडी अडलीय. कुस्कोकडचं साल्कांताय शिखर, ६,२७१ मीटर. नाव केचुआ या तिथल्या मूळ भाषेतलं, 'साल्का'वरून आलेलं. साल्का म्हणजे माणसाळलेलं नाही ते. इंग्रजीवाले 'सॅव्हेज' छापून मोकळे होतात. मी 'रानटी शिखर' लिहिलं तर बायको म्हणाली, "कुणाला चावलं का ते?" 'जंगली' म्हणावं, तर ४,६०० मीटरवरच्या खिंडीत झाड औषधाला नाही. सुचवा.

शेवंती: रानवट. रानवट वास, रानवट फूल. शिवी वाटत नाही.

जुनाट: गोड होतं ते. लाथाळ म्हशीला आमची आजी 'द्वाड' म्हणायची. द्वाड शिखर!

शुद्धमती: 'अदम्य' असताना द्वाड कशाला? संस्कृतात 'दम्य' म्हणजे जुवाला लावण्याजोगा गोऱ्हा. जो लावता येत नाही तो अदम्य. अर्थ तंतोतंत बसतो. आणि ट्रेक नव्हे, गिरिभ्रमण.

जुनाट: १९५२ साली फ्रेंच-अमेरिकन तुकडी माथ्यावर जाऊन आली. अदम्य कसलं? शिवाय पेपरात हा शब्द 'इच्छाशक्ती'चं बोट सोडून एकटा कधी फिरलाय?

बाराबंदी: तिकडे अशा डोंगराला 'आपू' म्हणतात, म्हणजे धनी, स्वामी. आपू साल्कांताय. हा आपला आप्पाच की! जोतिबा, खंडोबा, सगळे डोंगरावरचेच.

शुद्धमती: आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

खालच्या_आळीतला: एक राहिलं. साल्का म्हणजे वरचा थंड माळही, जिथे अल्पाका, म्हणजे उंटाच्या कुळातली लोकरीची जनावरं, चरतात. खाली मका पिकवणारे त्या माळावरच्यांना 'साल्कारुना' म्हणतात. रुना म्हणजे माणूस. पण म्हणताना नाक मुरडून, अडाणी या अर्थानं. आपल्याकडचा 'घाटी' आठवा.

शेवंती: घाटी शिवी नाहीये. आमच्याकडे घाटी मसाला कौतुकानं करतात.

खालच्या_आळीतला: मसाल्याला म्हणा हो. मला शाळेत चार वर्षं म्हणत होते, कौतुकानं नव्हे. डबा उघडला की सुरू.

जुनाट: घाटावरचा तो घाटी. साधा भूगोल आहे. म्हणणाऱ्याच्या तोंडाला दोष द्या, शब्दाला नको.

डोंगरवेडा: मंडळी, रविवारी लेख द्यायचाय. शिखराचं काय करू?

शेवंती: रानवट. सांगितलं ना.

बाराबंदी: गोव्यात तर सह्याद्रीपलीकडचा कुणीही 'घांटी'. बेळगावचाही, साताऱ्याचाही.

खालच्या_आळीतला: तेच म्हणतोय मी!