मे महिन्यात टर्बाईन का दमतं?

जुना ऑपरेटर, मकरपुरा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं: "उन्हाळ्यात गॅस टर्बाईनची वीज घटते ती गॅस कमी पडतो म्हणून. हवा काय, पेटायला लागते तेवढीच." वाचून राहवलं नाही. नावातला गॅस म्हणजे पात्यांवर आदळणारा तापलेला वायू. तेच मशीन डिझेलवर, नॅफ्थ्यावरही चालतं. आत ओढलेली थोडीच हवा जळणाला लागते. बाकीची ज्वाळेची धग उतरवते, पाती सांभाळते आणि चाकही फिरवते. टर्बाईनची निम्म्याहून जास्त ताकद हवा दाबून आत ढकलणारा कॉम्प्रेसरच खातो. मशीनची क्षमता 15 अंशांवर मोजतात. बडोद्यात मेमध्ये 43 अंशांवर तेवढ्याच जागेतली हवा सुमारे 9 टक्के हलकी. मेगावॅट कुठून येणार?

रावपुरेकर: काका, ते मीच लिहिलं. आमच्या कारखान्यात गॅसचा दाब नाही म्हणून मशीन आठवडाभर उभं होतं. पुस्तकं मला नका शिकवू.

जुना ऑपरेटर: पुस्तकं? कॉम्प्रेसर धुताना ड्रेनमधून काळं, तेलकट पाणी आलेलं बघितलंयत? ती घाण त्याच्या पात्यांवर होती तोवर गॅस पुरेसा असूनही लोड, म्हणजे मशीन देतं ती वीज, चढत नव्हता. धुतलं आणि त्याच संध्याकाळी चढला.

दांडिया बाजारची सून: मग हवा गार करून द्या की! सासऱ्यांच्या वाड्यात वाळ्याचे पडदे होते, दुपारी दोनदा तांब्याने पाणी मारायचो. आता शेजारच्यांचा एसी आमच्या खिडकीत गरम हवा फेकतो. सांगायला गेले तर भांडायला उठतात.

मांजलपूर: वाळा मेपुरताच, वहिनी. जुलैत कूलर लावला की चादरीसुद्धा दमट. पैसे पाण्यात.

दांडिया बाजारची सून: खिडकी उघडी ठेवत नसाल! कूलरला बाहेरची हवा लागते. एसीवाल्यांना कसं कळणार?

मांजलपूर: माझ्या घरात एसी नाही. उगाच बोलू नका. आईला दमा आहे, तो ओलावा तिला सोसत नाही.

जुना ऑपरेटर: भांडू नका, दोघांचंही बरोबर आहे. टर्बाईनच्या तोंडाशीही ओले पॅड लावतात. कोरड्या मेमध्ये पारा चांगला उतरतो. पावसाळ्यात हवाच ओली, पाणी उडतच नाही, मग गारवा कसला?

रावपुरेकर: बरं, हवेचं वजन मान्य. उन्हाळ्याचं सगळं खापर गॅसवर फोडलं, ती चूक. पण आमचं मशीन उभं होतं ते डिसेंबरात, थंडीत. ते गॅसनेच. ते मी मागे घेणार नाही.

जुना ऑपरेटर: ते घेऊच नका. डिसेंबर तुमचा, मे माझा.