सीडी-रेकॉर्डी सोडून पेनड्राइव्हवर जायचंय, पण गाणं सापडणार कसं?

चेंदणीकर:
1998 पासून ठाण्यात हळदी, साखरपुडे वाजवतोय. घरात चारशे सीडी आणि दीडेकशे रेकॉर्डी, निम्म्या वडिलांच्या, कोळीगीतांच्या 45 च्या (मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या) छोट्या तबकड्या. गेल्या महिन्यात ऐरोलीकडे एका हळदीत नवरदेवाच्या मामाने फर्माईश म्हणून स्वतःच सीडी उचलून दिली. बोटं हळदीने माखलेली! शर्टाला पुसून घातली, तर ऐन रंगात एकाच ओळीवर अडकली. पोरं त्या अडकलेल्या ओळीवरही नाचली, पण मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

आता बास. पण एक अडचण आहे. मला गाण्यांची नावं आठवत नाहीत, कव्हरं आठवतात. निळं, कोपरा उंदराने कुरतडलेलं, म्हणजे होडीचं गाणं. लॅपटॉपवर सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. तुम्ही कसं शोधता?

खाडीपलीकडचा:
दादा, सीडी गोल गोल पुसायची नाही, मधून बाहेर सरळ पुसायची. गोल ओरखडा ट्रॅकच्याच दिशेने जातो, मग प्लेयरला चूक सावरता येत नाही.

लॅपटॉपवर कॉपी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' या सॉफ्टवेअरने करा, फुकट आहे. साठवायला फ्लॅक, म्हणजे आवाज न बिघडवता लहान केलेली फाइल. एका सीडीला 300-400 एमबी धरा, चारशेचे दीडशे जीबीच्या आसपास होतील. दोन हार्डडिस्कवर ठेवा, एक दुसऱ्याच्या घरी. वाजवायला मात्र एआयएफएफ (न दाबलेली मोठी फाइल) किंवा 320 केबीपीएसचं, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं एमपी3 करून घ्या. भाड्याने मिळणारे जुने सीडीजे (डीजेंचे प्लेयर) फ्लॅक वाचत नाहीत. पेनड्राइव्हही फॅट32 मध्येच फॉरमॅट करा, नाहीतर मंडपात पोचल्यावर स्क्रीन कोरी. (मी भोगलंय, कोपरखैरण्यात.)

कव्हरांचे मोबाइलवर फोटो काढून फाइलला जोडा. तुमचा कुरतडलेला कोपराही येऊ द्या फोटोत. डब्ल्यूएव्ही या फाइल-प्रकारात फोटो धड टिकत नाही, म्हणून ते नको.

सुईदोरा:
काका, रेकॉर्डींची घाई नको. तिथे वीस मिनिटांच्या बाजूला वीस मिनिटंच लागतात. बाजारात मिळतात ती गाणी सरळ विकत घ्या, कुठेच नाहीत तेवढ्याच वडिलांच्या तबकड्या उतरवा. आधी धुवा, मग फोनो प्रीअँपमधून (टर्नटेबलचा बारीक आवाज वाढवणारा डबा) लॅपटॉपला.

आणि डीजे सॉफ्टवेअर दाखवतं त्या बीपीएमवर (मिनिटाला किती ठोके) विसंबू नका. ते चारच्या ठेक्याचा हिशेब धरतं, सहाच्या ठेक्यात गोंधळतं. त्यातून जुन्या रेकॉर्डिंगमधला ढोलकीवाला शेवटी लय वाढवतोच. तिथे सिंक (ठेका आपोआप जुळवणं) बंद, कान चालू. ते तुम्हाला आम्ही काय शिकवणार!

हात तबकडीवरच हवा असेल तर टाइमकोडच्या, म्हणजे गाण्याऐवजी नुसता खुणेचा सिग्नल असलेल्या दोन रेकॉर्डी घ्या. सुई त्यावर फिरते, गाणं लॅपटॉपमधलं वाजतं.

चेंदणीकर:
टाइमकोड नको, जनरेटर जवळ असला की सुई उडते, ते दुखणं परत कशाला.

अकरा सीडी झाल्या. घरी कॉपी करून भरलेल्या दोन लॅपटॉपने वाचल्याच नाहीत, एकीवरचा चिकटवलेला कागद सोलताना चंदेरी थरही निघाला. कव्हरांचे फोटो बायको काढतेय, तिला ते काम आवडलंय.

काल होडीची तबकडी लावली. आवाज आहे, पण मागे सारखी घूंऽऽ घरघर. टर्नटेबलातून एक बारीक सुटी तार लोंबतेय, ती कुठे लावायची?

सुईदोरा:
अर्थिंगची आहे. प्रीअँपच्या मागे छोटा स्क्रू असेल, त्याखाली आवळा.

चेंदणीकर:
गेली घरघर. आता उंदराचा फोटो तेवढा राहिला.